पडद्यावरील शहाजहान

पेण-रोह्याकडील कुटुंबांसमवेत १९६३ चा ‘ताज महल’ पाहताना आम्ही अनेकांचे डोळे पाणावलेले पाहिले. पत्नीविरहाने खचलेला शहाजहान कोणाच्या हृदयाला भिडणार नाही?

मुमताज १६३१ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी त्याच बादशहाच्या फौजेने बंगालमधील हुगळीची पोर्तुगीज वसाहत उद्ध्वस्त केली. सुमारे ४,००० ख्रिस्ती बंदिवान, बायकामुलांसह, आग्र्यास नेण्यात आले. धर्मत्याग नाकारणाऱ्या काहींनी तुरुंगातच प्राण सोडले.

हुगळीचे पोर्तुगीज गुलामांचा व्यापार करीत, हेही आपण लपवू नये. इतिहासाच्या आरशात आपलाही चेहरा दिसतो.

चित्रपट जरूर पाहावा. परंतु ज्यांच्यासाठी कोणी संगमरवर उभारला नाही, त्यांचेही प्रार्थनेत स्मरण करावे.