इंग्रजाच्या कबरीवर घुमट कसा?

सुरतेला गेलात तर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात जरूर डोकावा. घुमट आणि कमानी बघून तुम्हाला वाटेल, हे मोगल सरदारांचे मकबरे!

त्यातला सगळ्यात भव्य, दुमजली मकबरा जॉर्ज ऑक्झेंडनचा. नाव ओळखीचं वाटतंय ना? जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा हाच. त्याबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सवलत दिली. १६६९मध्ये तो सुरतेतच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर (मृत्यू १६५९) याचीही कबर इथेच आहे.

‘इंग्रज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राज्यकर्ते येतात. गडबड तिथेच होते. सुरतेतले हे इंग्रज मोगलांच्या परवानगीने राहणारे व्यापारी होते. मग रुबाब दाखवायचा कुणाला? शहरातल्या अमीर-उमरावांना, आणि शेजारच्या डचांना. तोही घुमट बांधून, कारण सुरतेत मोठेपणा कळायचा तो घुमटावरूनच.

डचही काही कमी नव्हते. १६९१मध्ये वारलेल्या व्हॅन रीडसाठी जवळच्याच डच कबरस्तानात त्यांनी भलामोठा घुमट उभारला. ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा तो हाच. त्यात नागरी लिपीतला कोकणी मजकूरही छापलेला आहे. त्यावर पुढच्या वेळी लिहितो.