कार्बाईनचा क्रमांक आणि मातीची साक्ष



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने बंदुकांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आम्हा मंडळींचा निम्मा जन्म मस्टर, पावत्या आणि साक्षी उलगडण्यात जातो, आणि आजचा विषय मुळात साक्षीपुराव्याचाच आहे.

घोडदळाच्या जुन्या कार्बाईनी जमवणारे शौकीन अमेरिकेत पुष्कळ. कार्बाईन म्हणजे आखूड नळीची बंदूक. लांब बंदूक घोड्यावर आवरत नाही म्हणून केलेली. शौकिनांची विशेष लाडकी ती १८७३ सालची स्प्रिंगफील्ड. सरकारी कारखान्यात घडलेली, २२ इंची नळीची, एका वेळी एकच गोळी झाडणारी. पेटीचे झाकण उघडावे तसा मागचा ठोकळा वर उचलायचा, काडतूस आत सारायचे, ठोकळा मिटवायचा, घोडा ओढून चाप दाबायचा. लाकडावर तपासनिसाच्या नावाची अक्षरे उमटवलेली असतात. नळी कातणाऱ्याचे नाव कुठेच नसते, ते असो.

या बंदुकीला मोल चढले ते एका दुपारमुळे. २५ जून १८७६ रोजी मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि चेयेन योद्ध्यांनी कस्टरच्या सातव्या घोडदळाचा पराभव केला. कस्टरच्या हाताखालच्या तुकडीतले सुमारे २१० जण मेले, एकही परतला नाही. त्यांच्या कार्बाईनी योद्ध्यांनी उचलल्या. तेव्हापासून साधारण ४३,७०० च्या आतला क्रमांक असलेली कार्बाईन 'कस्टरच्या आधीची' म्हणून विकली जाते. म्हणजे ती त्या लढाईत असू शकेल, एवढेच! पण या 'असू शकेल'साठीही माणसे पैसा मोजतात. जिथे पैसा आला तिथे कानसही आली. जुना क्रमांक घासून नवा ठोकलेल्या बंदुका बाजारात फिरतात. जाणता शौकीन म्हणून क्रमांकाचे आकडे भिंगाखाली पाहतो आणि चकचकीत पॉलिश केलेल्या बंदुकीपासून चार हात दूर राहतो.

ऑगस्ट १९८३ मध्ये त्या रणभूमीवरचे गवत वणव्यात जळून गेले. उघड्या पडलेल्या जमिनीवर १९८४ आणि १९८५ साली पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे फिरवली. सापडलेल्या प्रत्येक काडतुसाची जागा नकाशावर नोंदवली. बंदुकीची टाचणी काडतुसाच्या बुडावर आदळते तिथे खूण उठते, आणि ती खूण प्रत्येक बंदुकीची निराळी असते. दोन ठिकाणच्या काडतुसांवर एकच खूण असली, तर ती बंदूक तेवढी हिंडली हे कळते. शिल्लक राहिलेल्या कार्बाईनींतून गोळ्या झाडून खुणा ताडून पाहिल्या, तेव्हा काहींची खूण जमिनीतल्या काडतुसांशी जुळली. त्या बंदुकींना विक्रेत्याच्या कहाणीची गरज उरली नाही.

बंदुकांपेक्षाही मोठे काही त्यातून सिद्ध झाले. लढाईत वाचलेले लकोटा आणि चेयेन पुढे कित्येक वर्षे सांगत होते की शेवटी सैनिकांची फळी मोडली, माणसे भेदरली आणि थोड्या वेळात सारे आटोपले. गोऱ्या इतिहासकारांनी ते फारसे मनावर घेतले नाही. चित्रांतून, नाटकांतून कस्टर शेवटपर्यंत ताठ उभा होता, आणि या लोकांपाशी कागद नव्हता. ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्या साक्षीची किंमत चौकशीत काय होते, हे मी कामगारांच्या बाबतीत अनेकदा पाहिले आहे. इथे जमिनीने जबानी दिली. योद्ध्यांच्या जागांवर हेन्री आणि विंचेस्टर या एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफलींची काडतुसे मिळाली. सैनिकांच्या हाती मात्र एकेरी कार्बाईन. सैनिकांनी फळी धरून नेटाने लढत दिल्याच्या खुणा कमी आढळल्या.

सगळ्याच सांगण्याला मातीने दुजोरा दिला असे नव्हे. सैनिकांनी घाऊक आत्महत्या केल्याची एक गोष्ट चेयेनांत होती. सापडलेल्या हाडांवरून तिला फारसा आधार मिळाला नाही. दुसऱ्या बाजूची सबबही लंगडी पडली. झाडलेली काडतुसे कार्बाईनीत अडकत होती, अशी तक्रार मेजर रीनोने जुलै १८७६ मध्येच केली होती. अडकलेले काडतूस उकरून काढल्याच्या खुणा असलेली काडतुसे थोडीच निघाली.

योद्ध्यांनी उचललेल्या कार्बाईनींपैकी काही पुढे सैन्याने परत मिळवल्या, काही घरोघर राहिल्या. अशा बंदुकांच्या लाकडावर पितळी खिळ्यांची नक्षी ठोकलेली आढळते. आज या खिळ्यांनाही बाजारात भाव आहे, आणि साध्या जुन्या बंदुकीवर नवे खिळे ठोकणारेही निघाले आहेत.