गोड नसलेली साखर

मधुमेह झाला की आपल्याकडे पहिली शिक्षा चहाला होते. साखर बंद! मग दुपारी मात्र ताटात शिताचा डोंगर आणि संध्याकाळी दोन पाव. 'त्यात कुठे साखर आहे?' असे वर विचारायचे.

ही केवळ अडाणी समजूत नव्हती बरं का. १९८० च्या सुमारास डॉक्टरमंडळीही बव्हंशी असेच मानत. साखरेचा रेणू लहान, तो झटकन रक्तात उतरतो. भात, पाव, बटाटा यांतल्या स्टार्चचा रेणू मोठा, तो सावकाश पचतो. तर्काला पटणारे होते, पण पदार्थागणिक मोजून फारसे कोणी पाहिले नव्हते.

ज्या टोरांटो विद्यापीठात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन गवसले, तिथेच साठ वर्षांनी डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजमाप केले. निरोगी माणसांना उपाशीपोटी ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील एवढा एकच पदार्थ खायला द्यायचा आणि दोन तास रक्तातली साखर तपासत राहायचे. ग्लुकोजला १०० गुण, बाकीच्यांना त्या तुलनेत. १९८१ साली ६२ पदार्थांचा तक्ता प्रसिद्ध झाला. हाच तो ग्लायसेमिक इंडेक्स.

तक्त्याने सगळ्यांनाच चकित केले. नेहमीची साखर ५९, तर पांढरा पाव ६९ आणि बटाटा ७०! आइस्क्रीम अवघे ३६, कारण स्निग्धांश पचन लांबवतो. कडधान्ये सर्वांत खाली. म्हणजे आपले अळसांद्यांचे तोणाक शहाणे, त्यासोबतचा पाव नव्हे.

पण आकड्यांचीही अंधश्रद्धा होते. त्याच तक्त्यात गाजर ९२ वर होते, आणि बिचारे उगाच बदनाम झाले. पुढच्या मोजण्यांत ते बरेच खाली आले. शिवाय ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी अर्ध्या किलोहून अधिक गाजरे खावी लागतील. एवढी कोण खातो? म्हणून १९९७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी पदार्थाचे प्रमाणही हिशेबात धरले. त्याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. आइस्क्रीमलाही कमी आकड्यामुळे पथ्याचा मान मिळत नाही, हे ओघाने आलेच.

आता आपल्या उकड्या तांदळाकडे वळू. भात सालीसकट उकडून वाळवला की दाण्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि तो पचायला सहसा जास्त वेळ लागतो. तोच तांदूळ पेजेत गळेस्तोवर शिजवला तर हा फायदा कमी होतो. आणि ढीगभर वाढून घेतला तर उरलासुरला फायदाही जातो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के निघाले, गोव्यात २६.४ टक्के. देशात सर्वांत जास्त! याचा दोष एकट्या भाताला देता येणार नाही. कमी झालेले कष्ट, वाढते वजन, वय, आनुवंशिकता अशी कारणे अनेक आहेत. पण बिनसाखरेचा चहा घेऊन निर्धास्त होणाऱ्यांनी एकदा आपल्या ताटाकडेही बघावे. जिभेला गोड लागत नाही, तीही रक्तात गेल्यावर साखरच होते.