रूप आणि गोत

मासा कुठे आणि कसा जगतो, हे त्याचे रूप सांगते. तो कोणत्या कुळातला, हे मात्र रूपावरून कळेलच असे नाही. त्यासाठी कल्ले, खवले, पर आणि हाडे तपासावी लागतात. मत्स्यशास्त्रात नव्याने येणाऱ्याला या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचता याव्यात, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

लागणारी उदाहरणे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच उतरतात. मोरी, सुरमई, बांगडा, काट बांगडा हे सगळे दोन्ही टोकांना निमुळते. वेगाने पोहायचे तर पाणी सहज कापणारे अंग लागतेच. पण मोरीचा सांगाडा कूर्चेचा, कल्ल्यांच्या फटी उघड्या. उरलेल्या तिघांचा सांगाडा हाडांचा, कल्ल्यांवर झाकण. बांगडा आणि सुरमई एका कुळातले. दोघांच्याही शेपटीकडे छोट्या परांची रांग असते. तशी रांग काट बांगड्यालाही आहे, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. त्याच्या शेपटीजवळ हात फिरवला की कडक, धारदार खवले टोचतात. तीच खूण, जरा पुसट, हलव्याला आहे. म्हणजे काट बांगडा गोताने हलव्याचा, आणि पापलेटसारखा दिसणारा हलवा पापलेटच्या कुळातला नाही.

अनुकूलन शरीराच्या आतही चालते. समुद्र सुरमईच्या रक्ताहून खारट, त्यामुळे तिच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ती समुद्राचे पाणी पिते आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकून देते. मोरीने वेगळी वाट धरली: ती रक्तात युरिया साठवते आणि पाणी राखते. ती मेल्यावर जिवाणू या युरियाचा अमोनिया करतात. शिळ्या मोरीचा उग्र दर्प ठाऊक असलेल्या घरात हे प्रकरण कठीण वाटणार नाही. रूप वाढतानाही बदलते: लेपाचे पिल्लू आधी इतर माशांसारखे उभे पोहते. वाढताना त्याचा एक डोळा दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मासा कुशीवर तळाशी निजतो. देवमाशाच्या परात तर बोटांची हाडे असतात. लिनियसने १७५८ मध्ये त्याला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवले. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाचे प्रकरण तो पाहून मगच वाचावे.

जगात माशांच्या ३५ हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, तेव्हा काम संपले असेल असे वाटू शकते. पण रुपेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, आणि डीएनए अभ्यासांनी दाखवले की भारतीय किनाऱ्यावरचे हे पापलेट ‘पँपस आर्जेन्टियस’ नसून ‘पँपस कँडिडस’ आहे. जाती चुकली की तिची वाढ, विणीचा काळ आणि पकडीचे किमान आकारमान यांचे हिशेबही चुकतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात १९८१ पासून विद्यार्थी घडत आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीलाही अशा नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील. मोजपट्टी, भिंग आणि मासळी विकणाऱ्या बायांना प्रश्न विचारण्याची तयारी, एवढ्यावर सुरुवात करता येते.