शक्तिमानची गाळणी : मायक्रॉनमध्ये मोजलेला लष्करी इतिहास

१/
लष्करी वाहनांचा इतिहास आपण बहुधा वजन, अश्वशक्ती आणि युद्धांच्या तारखांत वाचतो. आजच्या धाग्यात मात्र इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या एका लहानशा डबीचा इतिहास पाहू. प्रश्न साधा आहे : जुन्या लष्करी डिझेल ट्रकची इंधन-गाळणी सुधारावी का, आणि सुधारायची तर कशी? उत्तर शोधताना आउग्सबुर्ग, जबलपूर, नाशिक आणि चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना अशी चार ठिकाणे लागतील.

२/
आपला ट्रक आहे 'शक्तिमान'. जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने १९५९ मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत त्याची बांधणी सुरू झाली. ही फॅक्टरी १९०४ सालची, म्हणजे मूळची तोफांचे गाडे बनवणारी. पुढे १९६९ मध्ये जबलपुरातच स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि १९९०च्या दशकापर्यंत शक्तिमान तेथून बाहेर पडत राहिला. चारही चाकांना ताकद देणारा हा ट्रक १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांच्या काळात सैन्याचा भारवाहू होता.

३/
जबलपूर आणि चांदा (आजचे चंद्रपूर) १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. कोरपन्याचा मुलूख मात्र वर्धा नदीपलीकडचा. तो जुन्या राजुरा तालुक्याबरोबर हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो आधी नांदेड आणि मग चांदा जिल्ह्यात आला. याच जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचा आयुधनिर्माण कारखाना उभा राहिला. एकेकाळी जबलपूरचा ट्रक आणि भद्रावतीचा तोफगोळा एकाच सरकारी कारखाना-परिवारातील भावंडे होती.

४/
आता इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या ज्या यंत्रकारखान्यात चालले, तोच पुढे एम.ए.एन. झाला. म्हणजे शक्तिमानचे कुळ थेट मूळ पुरुषापर्यंत पोहोचते. या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून इंधन आपोआप पेटते. मात्र त्यासाठी ते इंधन ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या मापाने आणि अतिशय बारीक तुषारांत आत जावे लागते.

५/
डिझेल यांनी हे काम दाबलेल्या हवेच्या झोताने साधले. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर एवढा अवजड होता की असे इंजिन मोटारीत बसणे कठीण. एम.ए.एन.ने १९२४ मध्ये हवेच्या झोताविना, थेट इंधन फवारणारा डिझेल ट्रक रस्त्यावर आणला. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन-पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले. डिझेल ट्रक सर्वत्र पसरला तो या पंपामुळे.

६/
या पंपाचे रहस्य त्याच्या पोटात आहे. पोलादी नळीत पोलादी दट्ट्या फिरतो आणि दोहोंमध्ये जेमतेम दोन ते चार मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. मध्ये कोणतेही रबरी सील नाही, घट्टपणा केवळ घडणीच्या अचूकतेतून येतो. असा दट्ट्या डिझेलला हवेच्या दाबाच्या पावणेदोनशे-दोनशे पट दाबाने नोझलकडे ढकलतो. डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा या फटीत ओरखडा काढू शकतो.

७/
म्हणून डिझेल इंजिनाचे आयुष्य गाळणीवर अवलंबून असते. गाळणी चुकली की दट्ट्या झिजतो, दाब गळतो, नोझल फवारा सोडण्याऐवजी थेंब टाकू लागते. मग सकाळी ट्रक सुरू होत नाही, चढावर दम तुटतो, काळा धूर निघतो. चालक म्हणतो, 'इंजिन म्हातारे झाले.' पुष्कळदा इंजिन ठणठणीत असते आणि झिजलेला असतो फक्त पंप.

८/
आता हाच ट्रक लष्करी सेवेतून निवृत्त होऊन, लिलावातून नागरी हाती पडून कोरपना तालुक्यात आला अशी कल्पना करा. भूमी चुनखडीची. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने, आसपास वर्धा खोऱ्यातील कोळसा, उत्तरेला पैनगंगेची वाळू. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४७ अंशांपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात हवा ओलीचिंब होते. गाळणीची परीक्षा घ्यायला याहून कठोर परीक्षक शोधूनही सापडणार नाही.

९/
सगळी धूळ सारखी नसते. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोहस् श्रेणीत मोजतात. चुनखडीतील कॅल्साइट ३ वर असते, म्हणजे पोलादाहून बरेच मऊ. वाळूतील गारेचा कण ७ वर असतो आणि तो पंपाच्या पोलादालाही कापू शकतो. म्हणून कोरपन्याची पांढरी धूळ मुख्यतः गाळणी तुंबवते आणि नदीकाठची वाळू पंप खाते. पहिलीचा त्रास लगेच जाणवतो. दुसरीचा कळतो तेव्हा पंप हातचा गेलेला असतो.

१०/
दुसरा शत्रू पाणी. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते आणि आतल्या हवेतील बाष्प भिंतींवर जमून तळाशी उतरते. पाणी डिझेलहून जड, म्हणून ते खालीच साचते. त्यातून गंज निर्माण होतो आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून चिकट शेवाळासारखा थर धरतात. म्हणूनच मुक्कामी पोचल्यावर टाकी भरून ठेवण्याची जुन्या चालकांची शिस्त शहाणपणाची होती. भरलेल्या टाकीत ओल्या हवेला जागाच उरत नाही.

११/
सैन्याचे इंधन पंपावरून थेट टाकीत जाते असे नाही. ते टँकरमधून पिंपात, पिंपातून कॅनमध्ये, कॅनमधून नरसाळ्याने टाकीत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर धूळ व पाणी आत शिरते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे चार गॅलनी डबे वाटेतच गळत आणि जर्मनांचे २० लिटरचे मजबूत कॅन हाती लागले की ब्रिटिश सैनिक तेच वापरत. ज्या टोब्रुकमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण लढली, तेथील युद्धही इंधनाच्या डब्यांवर तोललेले होते.

१२/
मग जुन्या ट्रकांत संरक्षण काय होते? टाकीच्या तोंडाशी जाळी. फीड पंपापाशी लहान वाटी आणि तिच्यात दुसरी जाळी. त्यापुढे दोन भांड्यांची जोडगाळणी, पहिल्यात नमदा किंवा कापड, दुसऱ्यात राळेत भिजवून घड्या घातलेला कागद. नमदा मोठे कण अडवी, कागद बारीक. रचना सोपी आणि रानात दुरुस्त होणारी होती. दोष एवढाच की भांडे उघडताना बाहेरची धूळ आत पडे आणि पाणी वेगळे करण्याची सोय तुटपुंजी होती.

१३/
येथे नाशिक येते. डिझेलच्या सुट्या भागांसाठी देशाला परदेशावर विसंबावे लागे. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरात मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', स्थापन झाली. १९७०च्या दशकात तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागल्या. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी 'मायको सर्कल' कायम आहे. एका चौकाच्या नावात मायक्रॉनची कारागिरी जपली गेली आहे.

१४/
शक्तिमानचा आरंभ झाला तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. शस्त्रे आणि वाहने देशातच व्हावीत यावर त्यांचा भर होता. १९६२च्या पराभवाने त्यांचे पद गेले, पण त्या धोरणाची गरज अधिकच ठळक झाली. स्वदेशीची खरी कसोटी मात्र चासी आणि टपात नव्हती. पत्रा वाकवणे लवकर शिकता येते. दोन मायक्रॉनची फट राखणे, ती राखणारी गाळणी बनवणे आणि हे लाखो वेळा एकसारखे करणे, हे शिकायला एक पिढी लागते.

१५/
आता जरा दूर पाहू. एम.ए.एन.चे अभियंते झिगफ्रिड मॉयरर यांनी १९५०च्या दशकात दट्ट्याच्या माथ्यावर गोलाकार पोकळी करून तिच्या भिंतीवर इंधन पसरवण्याची पद्धत विकसित केली. ज्वलन सौम्य होई, आवाज घटे आणि अनेक प्रकारची इंधने चालत. हेच तत्त्व परवान्याने अमेरिकेत गेले आणि तेथील अडीच टनी लष्करी ट्रकांच्या बहुइंधनी इंजिनांत उतरले. डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन, अडीअडचणीला पेट्रोलसुद्धा!

१६/
पण जाळता येणे वेगळे आणि पचवता येणे वेगळे. पिंपांच्या तळाचे काहीही जाळू शकणाऱ्या त्या इंजिनाचा पंप मात्र तेवढाच नाजूक होता. म्हणून ते अमेरिकी ट्रक आज जतन करणारे हौशी लोक सर्वांत आधी गाळण्यांना हात घालतात. जुनी भांडी काढून ते फिरवून बसवायच्या बंद डब्या लावतात आणि पाणी वेगळे करणारी वाटी जोडतात. आपल्याकडच्या जुन्या ट्रकालाही हाच धडा लागू पडतो.

१७/
आणखी एक बदल इंधनातच झाला आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधकाला मुभा होती, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा मानकात ही मर्यादा अवघी १० भाग आहे. हवेसाठी हे वरदानच. परंतु गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक ओशटपणा घटतो आणि तो मिश्रके घालून भरून काढावा लागतो. त्यात जैवडिझेल मिसळले तर टाकीतील जुना थर सुटून गाळणीत येतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगू शकतात.

१८/
मग सुधारणा कशी करावी? क्रम महत्त्वाचा. आधी टाकी उतरवून धुवावी, कारण घाणेरड्या टाकीपुढे कोणतीही गाळणी हरते. मग नळ्या बदलाव्यात. टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये साधारण ३० मायक्रॉनची जाडसर गाळणी व पाणी वेगळे करणारी वाटी बसवावी, पारदर्शक आणि खाली तोटी असलेली. फीड पंपानंतर १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी. वाटी सायलेन्सरपासून दूर आणि हाताला सहज लागेल अशी असावी.

१९/
उत्साहात होणारी चूक म्हणजे सर्वांत बारीक गाळणी सर्वांत आधी लावणे. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो. त्याच्या आधी वाट फार अरुंद केली की ओढ वाढते, सैल जोडातून हवा आत शिरते आणि गाडी चढावर बंद पडते. म्हणून ओढीच्या बाजूला जाड आणि ढकलीच्या बाजूला बारीक, हा नियम. गव्हाचे पीठ करतानाही आपण आधी खडे निवडतो आणि दळल्यानंतरच पिठाला बारीक चाळणी लावतो.

२०/
काम झाल्यावर एअर काढावी लागते. फीड पंपावरील हातदांडी चालवत आधी गाळणीचा, मग मुख्य पंपाचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळायचा. धुतलेल्या टाकीतूनही पहिले काही दिवस गाळ सुटतो, म्हणून पहिली गाळणी लवकर बदलावी. पुढे रोज सकाळी वाटीची तोटी क्षणभर उघडून तळाचे पाणी एखाद्या भांड्यात सोडावे, जमिनीवर नव्हे. पावसाळ्यात तर हे चुकवूच नये.

२१/
इतिहासप्रेमींसमोर येथे एक पेच उभा राहतो. मूळ गाळणी काढली तर वस्तूची साक्ष पुसली जाते आणि तशीच ठेवून ट्रक चालवला तर मूळ पंप झिजतो. मार्ग मधला आहे. जुनी जोडगाळणी जागेवरच ठेवावी आणि नवी वाटी तिच्या आधी, चासीला नवे छिद्र न पाडता, पट्ट्याने बांधावी. उद्या कोणाला ती काढून मूळ रूप परत आणता आले पाहिजे. जे काढले त्याचे छायाचित्र व तारीख नोंदवावी. पुनर्स्थापनेतील सभ्यता ती हीच.

२२/
२०२१ मध्ये आयुधनिर्माण कारखान्यांची विभागणी होऊन जबलपूरचा वाहन कारखाना आणि भद्रावतीचा कारखाना वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांत गेले. शक्तिमानच्या जागी टाटा आणि लेलँडचे ट्रक केव्हाच आले. उरलेली जुनी धूडे भंगारात चालली आहेत. अभिलेखागारात करार सापडतील, हुकूम सापडतील. पण त्या काळी सैन्याचे डिझेल किती स्वच्छ होते, कोणता नमदा वापरला जाई, रबराचा दर्जा काय होता, हे सांगणारा पुरावा त्या डबीत आहे.

२३/
म्हणून कोठे जुना लष्करी ट्रक दिसला, तर केवळ त्याच्या बोनेटशेजारी उभे राहून छायाचित्र काढू नका. मालकाची परवानगी घ्या, कोणत्या बाजूला गाळणी आहे ते विचारा, तिच्यावरचे ठसे वाचा आणि कारखान्याचे नाव व वर्ष टिपून घ्या. 'शक्तिमान' हे नाव ताकदीचे आहे. ती ताकद टिकवली मात्र कागदाच्या घड्यांनी आणि त्या वेळेवर बदलणाऱ्या हातांनी.

धागा समाप्त. तुमच्या गावाकडे असा एखादा ट्रक उभा असेल, तर त्याच्या गाळणीविषयी खाली जरूर लिहा.