नर्मदेचा महसीर : ट्रॉफीची वही आणि नदीचा हिशेब



उत्तर कॅनडात अशी शेकडो तळी आहेत जिथे रस्ता जातच नाही. उन्हाळ्यात छोटं विमान पाण्यावर उतरतं, पाहुण्यांना लाकडी लॉजवर सोडतं आणि आठवड्याने परत न्यायला येतं. त्या आठवड्यात माणसं एकच काम करतात, गळाने मोठे मासे पकडणं. मासा काठावर आणायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि बहुतेक वेळा परत पाण्यात सोडायचा. फोटो आणि माप, हीच ट्रॉफी.

हा छंद आपल्याला फार परका वाटतो. पण दीडशे वर्षांपूर्वी तो आपल्या ओळखीच्या नदीवर येऊन पोचला होता. नर्मदा, भेडाघाट, जबलपूर. मराठी माणूस तिथे परिक्रमेसाठी जातो, धुवांधार बघायला जातो, संगमरवरी खडकांमधून होडीत फिरतो. त्याच पाण्यावर इंग्रज साहेब गळाची काठी घेऊन रजा काढून यायचा. त्याला हवा होता महसीर. आज आपण या माशाची गोष्ट बघणार आहोत, आणि तिच्यात एक प्रश्न सोबत ठेवणार आहोत. मासा मोजला कोणी, आणि नदी मोजली कोणी?

जबलपूर कसं उघडलं

आधी थोडी पार्श्वभूमी. जबलपूरचा परिसर म्हणजे जुना गढा-मंडला, गोंड राजांचा मुलूख. १७८१मध्ये तो सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १७९८मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७च्या डिसेंबरात भोसल्यांचा पराभव झाला आणि जबलपूर इंग्रजांकडे आलं. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला स्लीमन याच गावात अधिकारी होता. त्याचं प्रवासवर्णन १८४४मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची सुरुवातच भेडाघाटच्या जत्रेपासून होते. म्हणजे साहेबाच्या लेखी नर्मदा पहिल्यांदा आली ती तीर्थ म्हणून.

मग आली रेल्वे. तिच्या मोजणीच्या काळातली एक दुर्दैवी गोष्ट भेडाघाटला सांगितली जाते. बॉडिंग्टन नावाचा रेल्वे अभियंता सोबत्यांबरोबर होडीतून संगमरवरी खडकांच्या घळीत शिरला. बंदरकूदनीपाशी वर खडकांना लटकलेली आग्यामोहोळं उठली. सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. बॉडिंग्टन एका खडकाला धरून राहिला, पण माश्या सोडेनात, तेव्हा त्याने पुन्हा बुडी मारली. तो वर आलाच नाही.

१८६७मध्ये अलाहाबादहून जबलपूरला गाडी आली. मुंबईकडून येणारा मार्ग मार्च १८७०मध्ये इथेच तिला जोडला गेला. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरं लोहमार्गाने जोडली गेली ती जबलपुरात. याचा अर्थ समजून घ्या. तोवर मध्य भारताचं जंगल म्हणजे महिनोन्महिन्यांची मोहीम होती. आता दहा दिवसांची रजा असलेला माणूसही मुंबईहून निघून नर्मदेच्या काठी पोचू लागला. संगमरवरी खडक शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथे उतरायला डाक बंगला होता. कॅनडातल्या लॉजचा हा आपल्याकडचा चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. विमानाचं काम आगगाडीने केलं.

याच सुमाराला, १८७१मध्ये, कॅप्टन जेम्स फोर्साइथचं मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचं पुस्तक निघालं. पचमढीला ज्याने १८६२मध्ये ‘बायसन लॉज’ बांधला तोच हा फोर्साइथ. जंगल, तिथले लोक, प्राणी आणि शिकार असं सगळं त्यात आहे. पुस्तक निघालं त्याच वर्षी तो वारला. पण रेल्वे आणि पुस्तक या दोघांनी मिळून सातपुडा आणि नर्मदा शिकाऱ्यांच्या नकाशावर आणली.

महसीरच का?

नदीत मासे काय कमी असतात? मग साहेबाला महसीरच का हवा?

महसीर हा आपल्या रोहू-कटल्याच्याच मोठ्या कुळातला, पण वाहत्या पाण्याचा मासा. मोठे जाड खवले, जाड ओठ, अंगात प्रचंड ताकद. खडकाळ तळ, खळाळतं स्वच्छ पाणी आणि त्याला लागून खोल डोह, अशी जागा त्याला लागते. गळ लागला की तो प्रवाहाच्या जोरावर पळतो, आणि पहिल्याच झेपेत दोरी तोडू शकतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. सॅमनपेक्षा महसीर सरस झुंज देतो, असं त्याचं ठाम मत होतं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सॅमनची मासेमारी बड्या जमीनदारांच्या हातात. इथे त्याहून दणकट मासा, आणि नदीवर साहेबाला अडवणारं कोणी नाही. मग महसीर ‘ट्रॉफी’ झाला नसता तरच नवल.

त्याच्या पद्धतीही बघण्यासारख्या आहेत. पितळी चमचा पाण्यात फिरवायचा, तो चमकला की मासा झेपावतो. छोटा मासा आमिषाला लावायचा. आणि भाजलेले हरभरे किंवा कणकेची गोळीही चालायची. हरभरे आणि कणीक का? कारण घाटावर यात्रेकरू माशांना तेच घालत आले होते. पुण्यासाठी टाकलेल्या दाण्याची सवय माशाला लागलेली, आणि त्याच दाण्यात गळ!

पावसाळ्यात नदी गढूळ झाली की गळ निरुपयोगी. पाणी निवळलं की हंगाम सुरू, तो उन्हाळ्यापर्यंत. मोठा मासा मिळाला की वजन, लांबी, घेर वहीत लिहायचा. कधी कागदावर बाह्याकृती काढायची, कधी जबडा किंवा अख्खा मासा पेंढा भरून भिंतीवर टांगायचा. १९४६मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन घराण्यातल्या एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर पकडला. तो आकडा गळवाल्यांच्या जगात आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. हे व्हॅन इंगन स्वतःच वाघ-बिबटे पेंढा भरून देण्यासाठी जगप्रसिद्ध होते, हेही गमतीचंच.

वहीत नसलेली माणसं

आता जरा विचार करा. अनोळखी नदी, खडकांत भोवरे, वर आग्यामोहोळं. मासा कुठल्या डोहात बसतो, पाणी कधी निवळतं, होडी कुठून घालायची, हे साहेबाला कोण सांगणार? जबलपूरच्या घाटांवर हे ज्ञान होतं ढीमर आणि केवट मंडळींकडे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यातले हिरालाल याच भागातले, कटनीकडचे. त्यात ढीमरांचे व्यवसाय दिले आहेत: मासेमारी, होडी, पालखी वाहणं, पाणी भरणं, तळ्यात शिंगाडा लावणं. सगळा संसार पाण्यावर.

गळवाल्यांच्या पुस्तकांत हे लोक दोनच रूपांत दिसतात, एक तर नोकर म्हणून, नाहीतर मासे संपवणारे म्हणून. फ्रान्सिस डे याने सरकारसाठी देशभरच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा अहवाल १८७३मध्ये दिला. बारीक जाळी, ओढ्यातले बांध, विष, यांनी मासा कमी होतोय अशी काळजी त्यात होती. पुढे १८९७चा मत्स्य कायदा आला आणि सुरुंगाने किंवा विष घालून मासे मारण्यावर बंदी आली. हा नियम चांगलाच होता. पण सूर असा होता की मासा साहेबाच्या गळाने कमी होत नाही, गरिबाच्या जाळ्याने होतो.

गंमत म्हणजे मासे राखण्याची पद्धत लोकांकडे आधीपासून होती. आपल्या महाराष्ट्रात बघा. महाडजवळ वाळण कोंड आहे, वरदायिनी देवीचा डोह. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. या डोहांतल्या महसीरला कोणी हात लावत नाही. लोक मुरमुरे-दाणे टाकतात, मासे हाताशी येतात. कायद्याचा शिपाई नाही, पण देवीचा धाक आहे. संरक्षित क्षेत्र हा शब्द आपण अलीकडे शिकलो, कोंड जुनेच आहेत. मात्र त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. देवी एक डोह राखते, अख्खी नदी नाही.

मग मासा गेला कुठे?

नर्मदेतल्या महसीरला स्थानिक भाषेत ‘बाडस’ म्हणतात. शास्त्रीय नाव ‘टॉर टॉर’. १९५८ ते १९६६ या काळात केंद्रीय संस्थेच्या शास्त्रज्ञांनी होशंगाबादकडच्या पट्ट्यात नर्मदेच्या मासळीचा अभ्यास केला. तेव्हा पकडीत साधारण पाव हिस्सा एकट्या महसीरचा होता. इंग्रज जाऊन दशक उलटलेलं, शतकभर गळ पडलेले, तरीही चार किलोत एक किलो महसीर! म्हणजे साहेबाच्या गळाने काही मासा संपला नव्हता. ढीमराच्या जाळ्यानेही नाही. आज तीच जात नर्मदेत शोधावी लागते.

मधल्या काळात काय झालं? नदी बदलली. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचं काम १९७०च्या दशकात सुरू झालं आणि १९९०मध्ये ते पूर्ण झालं. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावं त्यात बाधित झाली. पुढे खाली इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर. महसीरला अंडी घालायला वाहतं, प्राणवायूने भरलेलं उथळ पाणी आणि खडी-वाळूचा तळ लागतो, आणि त्यासाठी तो प्रवाहाविरुद्ध वर जातो. धरणाने वरची वाट बंद केली. मागे तळं झालं, तिथे प्रवाह नाही. पुढे पाणी सुटतं ते वीज आणि कालव्याच्या वेळेवर, माशाच्या वेळेवर नाही. त्यात वाळूचा उपसा. वाळू म्हणजे आपल्याला बांधकामाचा माल, माशाला ते बाळंतिणीचं अंथरूण. जलाशयात कटला-रोहूचं बी सोडलं जातं, ते वाढतात. महसीर तिथे पाहुणाच.

आणि माणसांचंही तेच झालं. बरगीत जमीन गेलेले कितीतरी शेतकरी जाळं हाती घेऊन मच्छीमार झाले. १९९०च्या दशकात त्यांच्या सहकारी संघाला काही वर्षं जलाशयात मासेमारीचा हक्क मिळाला, तोही लढूनच. नदीचा मासा हरवला आणि शेतीचा माणूस मासेमारीत आला. एका धरणाने दोघांचाही पत्ता बदलला.

लोणावळ्याचा धडा

या गोष्टीत एक मराठी अध्याय आहे, आणि तो अभिमानाचा आहे तसाच सावध करणाराही आहे. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्सने १८३९मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते ठेवलं, आणि ‘खुद्री’ हा शब्द त्याला इथल्याच लोकांकडून मिळाला. पुढे १९७०च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात या माशाचं प्रजनन, अंडी आणि पिल्लांची वाढ यांचा अभ्यास केला. टाटांच्या वीज कंपनीच्या तळ्यांवर महसीरची पिल्लं तयार होऊ लागली. भारतातलं हे पायाभूत काम. तिथून पिल्लं देशभर गेली.

ती कावेरीतही गेली. कावेरीवर गालिबोरे, भीमेश्वरी इथे गळाने मासे पकडून सोडून देण्याचे कॅम्प होते. जगभरचे शौकीन तिथे येत, गावातल्या लोकांना काम मिळे. साधारण २०१२मध्ये अभयारण्यातल्या मासेमारीला मनाई झाली. पण त्यातल्या एका कॅम्पने १९९८पासून पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासल्या तेव्हा दिसलं, की बाहेरून आलेला दख्खनी महसीर वाढतोय आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर घटतोय. तो कुबड्या आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. हेतू चांगला, पण मासा दुसऱ्या नदीचा!

यातून दोन गोष्टी कळतात. पिल्लं तयार करता येतात, नदी तयार करता येत नाही. आणि फक्त सगळ्यात मोठ्या माशाची वही कामाची नसते. लहान-मोठा प्रत्येक मासा लिहिणारी वही कामाची असते.

आता जबलपूर

मध्य प्रदेशाने २०११मध्ये महसीरला राज्य मासा जाहीर केलं. बडवाहजवळ वनविभागाने त्याच्या प्रजननाचे प्रयत्न केले. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ते योग्यच आहे. पण जागतिक लाल यादीत नर्मदेच्या या टॉर टॉरपुढे शेरा काय आहे माहितीये? ‘माहिती अपुरी’. ज्या माशाच्या जातीवर दीडशे वर्षांत इतकी पुस्तकं निघाली, ज्याचे जबडे भिंतींवर टांगले गेले, तो नक्की किती उरलाय हे सांगता येत नाही.

ही वही आता कोणी लिहायची? मला वाटतं, नदीवर रोज असणाऱ्यानेच. भेडाघाटचा नावाडी, तिलवारा घाटचा ढीमर, बरगीचा विस्थापित मच्छीमार. जुन्या वहीत त्यांना जागा नव्हती. नव्या वहीत पहिलं नाव त्यांचं हवं, आणि त्या नोंदींचा मोबदलाही त्यांना मिळायला हवा. त्याबरोबर वाळूचे उरलेले पट्टे आणि थोडा वाहता प्रवाह राखला, तरच लोणावळ्यासारख्या प्रयोगांना अर्थ आहे.

पुढच्या वेळी संगमरवरी खडकांतून होडीत जाल तेव्हा खडकाचे रंग बघाच, पण नावाड्याला एक विचारा: दादा, बाडस शेवटचा कधी दिसला? उत्तर आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. नर्मदे हर!