हेमाद्रीचें 'आयुर्वेदरसायन'

छत्रपति संभाजीनगराहून वेरूळच्या वाटेला लागलें म्हणजे सुमारें पंधरा किलोमीटरांवर दौलताबादचा तासलेला कडा दिसूं लागतो. याच डोंगराच्या पायथ्याशीं यादवांची देवगिरि नांदत होती. तेथील मंत्री हेमाद्रि, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, महाराष्ट्रांत ओळखला जातो तो चुन्यावांचून रचलेल्या दगडी देवळांसाठीं, मोडी लिपीसाठीं आणि बाजरीसाठीं. यांपैकीं लिपि आणि बाजरी यांचें श्रेय केवळ दंतकथेवर उभें आहे; हेमाडपंती म्हणविणारीं पुष्कळ देवळेंही त्याच्या जन्मापूर्वींचीं आहेत. पण या दंतकथांतच एक निराळी गोष्ट आढळते. हेमाडपंतानें बिभीषणाचा रोग बरा केला आणि बक्षीस म्हणून लंकेचे कारागीर मागून आणले, असें लोक सांगत. इतिहास म्हणून तिला किंमत नाहीं. तरी लोकांनीं हिशेब पाहणाऱ्या मंत्र्याला वैद्य कां केलें, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचें उत्तर त्याच्या ग्रंथांत सांपडतें.

वाग्भटाचें 'अष्टांगहृदय' हा सुमारें सातव्या शतकांतला ग्रंथ. चरक आणि सुश्रुत यांचा विस्तार आटवून त्यानें सहा स्थानें व १२० अध्याय यांत सारें वैद्यक पद्यांत बसविलें. सातव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांत राहून गेलेला चिनी भिक्षु इत्सिंग लिहितो कीं, वैद्यकाचीं आठ अंगें पूर्वीं वेगळीं होतीं, अलीकडे एका पुरुषानें तीं एकत्र आणलीं आणि सर्वत्र वैद्य त्याच ग्रंथावर चालतात. हा पुरुष वाग्भटच, असें अनेक विद्वानांस वाटतें. पुढें हा ग्रंथ अरबींत गेला आणि अकराव्या शतकांत तिबेटींत उतरला.

अशा ग्रंथावर देवगिरीच्या हेमाद्रीनें टीका लिहिली. महादेव यादवाच्या (१२६१–१२७१) आणि नंतर रामचंद्राच्या (१२७१–१३११) पदरीं तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखन-हिशेबाच्या दप्तराचा मुख्य होता. त्याचा 'चतुर्वर्गचिन्तामणि' हा व्रतें, दानें, तीर्थें यांचा अवाढव्य संग्रह. देवगिरि पडली याचा दोष कांहीं इतिहासकारांनीं याच पोथीच्या माथीं मारला आहे. मंत्री व्रतवैकल्यांत गुंतला आणि राज्य बुडालें, असा त्यांचा आरोप. आरोप ऐकायला सोपा आहे, म्हणूनच तपासला पाहिजे. टीकेच्या आरंभीं हेमाद्रि आपला हेतु स्वतःच सांगतो: चिन्तामणींत सांगितलेलीं व्रतें व दानें पार पडण्यास आरोग्य हवें, म्हणून ही टीका. म्हणजे उपवासाची यादी करणारा हाच मनुष्य शरीराची काळजीही धर्माच्याच खातीं मांडीत होता. अन्न, पाणी, दूध, ऋतु, झोंप यांचा विचार करणाऱ्या सूत्रस्थानावर त्यानें मन लावून लिहिलें, हें त्याच्या टीकाकारांनीं सहसा ध्यानांत घेतलेलें नाहीं.

टीकेंत दप्तरदाराची संवय उघड दिसते. वाग्भटानें जेथें थोडक्यांत आटोपलें, तेथें हेमाद्रि 'अष्टांगसंग्रह', चरक, सुश्रुत, हारीत यांचीं वचनें नांवानिशीं आणून भर घालतो. खरनादासारख्या आचार्याची संहिता आज उपलब्ध नाहीं. हेमाद्रि आणि अरुणदत्त यांच्यासारख्यांनीं उतरून घेतलेल्या वचनांवरूनच त्याची ओळख उरली आहे. ज्याला पावती जपून ठेवण्याची खोड असते, त्याच्या हातून असें काम होतें.

तो एकटाही नव्हता. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा केशव वैद्याचा मुलगा. केशवानें द्रव्यांचे गुण वात, पित्त, कफ यांवर होणाऱ्या परिणामांनुसार लावून 'सिद्धमंत्र' रचला, मुलानें त्यावर 'प्रकाश' लिहिला आणि स्वतः चूर्णें, गुटिका, अवलेह, तेलें यांवर 'शतश्लोकी' केली. (बंगालच्या पाठशाळांत शिकविलें जाणारें 'मुग्धबोध' व्याकरण याच बोपदेवाचें.) त्याच्याही आधीं सिंघण यादवाच्या दप्तराचा मुख्य होता शार्ङ्गदेव. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'च्या आरंभींच गर्भाची वाढ आणि शरीराची रचना यांवर एक प्रकरण आहे, कारण नाद देहांतून उठतो. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेंत आलेला. गाण्याच्या पोथींत हाडें मोजणारा आणि व्रतांच्या पोथीमागून औषधांची पोथी लिहिणारा, असे दोघेही एकाच दप्तरांतले.

१२९६ त अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. १३१८ त यादवांचें राज्य संपलें. १३२७ त मुहंमद तुघलकानें नगरीला दौलताबाद नांव देऊन तिला राजधानी केलें. टीका मात्र हस्तलिखितांतून टिकली, पण अपुरी: मुख्यतः सूत्रस्थान आणि कल्पस्थान, बाकी कांहीं अध्याय. अरुणदत्ताची 'सर्वांगसुंदरा' अखंड असल्यामुळें छापखान्यांत तिचा नंबर आधीं लागला. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईस ती मूळ ग्रंथासह छापविली. हेमाद्रीला जागा मिळाली ती निर्णयसागराच्या १९३९ च्या आवृत्तींत. अकोल्याचे वैद्य हरिशास्त्री पराडकर यांनीं ती सिद्ध केली. तींत वर वाग्भटाचा श्लोक, खालीं अरुणदत्त आणि त्याच्या खालीं देवगिरीचा श्रीकरणाधिप. आयुर्वेदाच्या पदवीला आज पहिल्याच वर्षीं सूत्रस्थान शिकवितात, आणि श्लोक अडला म्हणजे विद्यार्थ्याची नजर त्या पानाच्या तळापर्यंत जाते.